मुंबईंतील उंची हॉटेलें आणि विमानतळाची वाट

ज्या माणसानें आपलें सारें आयुष्य दादरच्या एका शाळेंत व्याकरण व भूगोल शिकविण्यांत घालविलें, त्यानें मुंबईच्या उंची हॉटेलांविषयीं बोलावें, हें पाहून आपणांस हसूं येईल. कबुली आरंभींच देऊन टाकतों. अशा हॉटेलांत मीं एकही रात्र काढलेली नाहीं. दोनदां चहा घेतला आहे, आणि दोन्ही वेळां त्याचे पैसे दुसऱ्यानें दिले. परंतु मी प्रभादेवीस राहतों, आमचा निम्मा गोतावळा परदेशीं आहे, आणि त्यांतील कोणास मुंबईस यावयाचें झालें कीं ‘कोठें उतरूं? विमानतळावरून कसा येऊं?’ हे दोन प्रश्न माझ्याकडे येतात. माझे कांहीं विद्यार्थी टॅक्सी चालवितात, दोघे-तिघे मोठ्या हॉटेलांत नोकरीस आहेत. त्यांच्याकडून जें कळलें आणि पाहुण्यांची वाट पाहत उभें राहून जें दिसलें, तेवढेंच आज सांगणार आहें.

हा विषय मला पूर्वीं गमतीचा वाटत असे. २०२४ च्या जुलै महिन्यापासून तसा वाटत नाहीं. माझी थोरली बहीण तेव्हां परळच्या एका रुग्णालयांत होती. तिचा मुलगा चार दिवसांची सवड काढून अमेरिकेहून धांवत आला. त्यानें विमानतळापासून हांकेच्या अंतरावर एक उत्तम हॉटेल पसंत केलें होतें. ‘मामा, विमानतळाला लागूनच आहे, म्हणजे सोयीचें,’ असें तो म्हणाला. आणि मीही ‘बरें केलेंस’ म्हणून मोकळा झालों. भूगोलाचा मास्तर असून मला नकाशा आठवला नाहीं! रुग्णालयांत भेटीची वेळ चार ते सहा. पहिल्या दिवशीं तो साडेतीनला निघाला आणि साडेपांचला पोहोंचला. दुसऱ्या दिवशीं पाऊस लागला, हिंदमात्याला पाणी भरलें. सहा वाजून दहा मिनिटांनीं तो दारांत येऊन उभा राहिला, आणि पहारेकऱ्यानें नियमाप्रमाणें त्यास आंत सोडलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं बिचारा दुपारीं बारालाच निघाला व बाहेरच्या बाकावर अडीच तास बसून राहिला. चवथ्या दिवशीं पहाटे त्याचें परतीचें विमान होतें. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या मुलास आईजवळ अवघे अडीच तास मिळाले. श्रावणांत ती गेली.

त्या हॉटेलाचा यांत यत्किंचितही दोष नव्हता. खोली सुरेख, नोकर अदबशीर, अंथरूण मऊ. चुकलें होतें तें निवडीचें माप.

हॉटेलास तारे कोण देतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची एक समिति हॉटेलाची पाहणी करून तें ठरविते, आणि तो दर्जा पांच वर्षांपुरता असतो. खोलीची लांबी-रुंदी, न्हाणीघर, भोजनगृहें, आगीपासून बचावाची व्यवस्था, अपंगांची सोय असें सर्व कांहीं ती पाहते. आपलें काम तेथून किती कोसांवर आहे, हें मात्र तिनें पाहण्याचें कारणच नाहीं. तें आपण पाहावयाचें. आणि मुंबईसारख्या चिंचोळ्या, दक्षिणोत्तर पसरलेल्या शहरांत तेंच आधीं पाहावयाचें. कुलाब्यापासून सहारपर्यंत सुमारें पंचवीस किलोमीटरांची वाट. पण ती दोन भिन्न गांवांमधील वाट समजावी. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्यास अवघा ७३! विमानतळ बंद पडला, माणसें रस्त्यांत बुडालीं, आणि त्याच वेळीं दक्षिण टोंकाचे लोक छत्री मिटून फिरत होते.

मग हीं मोठीं हॉटेलें इतकीं दूरदूर कां पसरलीं? याचें उत्तर सोपें आहे. उतारू ज्या दारानें शहरांत शिरतो, त्या दाराजवळ हॉटेल उभें राहतें. एकेकाळीं मुंबईचें दार समुद्र होतें. बंदरावर उतरलेला साहेब काळ्या घोड्याजवळच्या वॉटसनच्या हॉटेलांत जाई. त्या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडांत घडवून जहाजानें आणलेला होता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं तेथेंच. पुढें १६ डिसेंबर १९०३ रोजीं जमशेटजी टाटांचें ताजमहाल हॉटेल अपोलो बंदरावर उघडलें. गेटवे ऑफ इंडिया खुला झाला १९२४ सालीं; म्हणजे हॉटेल त्या दरवाजाहून वीस वर्षांनीं वडील आहे. त्याचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनीं केला आणि वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुकारानें काम पुरें केलें. वैद्यांचें नांव आपल्या मुलांना शाळेंत कोणी सांगत नाहीं, ही माझी जुनी तक्रार आहे. उलट, नकाशा उलटा वाचल्यामुळें हॉटेल पाठमोरें बांधलें गेलें व वास्तुकारानें जीव दिला, ही भाकडकथा प्रत्येकास पाठ असते! खरी गोष्ट अशी कीं, मूळ प्रवेश शहराच्या बाजूनें होता. आज जेथें पोहण्याचा तलाव आहे, तिकडून घोडागाड्या आंत येत.

त्यानंतर दार सरकलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्याच घराण्यांतील जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गें जुहूच्या धांवपट्टीवर उतरले. महायुद्धानंतर विमानें सांताक्रूझला उतरूं लागलीं, आणि हॉटेलेंही उत्तरेकडे निघालीं. आधीं जुहूच्या वाळूवर, मग सहारला. आमच्या बाजूची कथा निराळी आहे. लहानपणीं आम्ही गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावीत असूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर ते भोंगे एकामागून एक मुके झाले, आणि गिरण्यांच्या जागेवर मनोरे चढले. फिनिक्स मिलच्या आवारांत आज सेंट रेजिस हॉटेल आहे. ज्या फाटकांतून शेजारचे काका डबा घेऊन पाळीला जात, तेथून त्यांचा नातू आंत जाऊन पाहुण्यांचें स्वागत करतो. हें चांगलें कीं वाईट, तें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. काम मंत्रालयांत वा उच्च न्यायालयांत असेल, किंवा गिरगांवांतील लग्नास यावयाचें असेल, तर कुलाबा आणि नरिमन पॉइंट हेच भाग योग्य. तेथें ताज, ओबेरॉय व ट्रायडंट आहेत. ताजमध्यें खोली सांगतांना ‘जुन्या वाड्यांत कीं मागाहून बांधलेल्या मनोऱ्यांत?’ हें स्पष्ट विचारावें. दोहोंचें भाडें व रूप वेगळें असतें. ‘समुद्राकडील’ हा शब्द लेखी घ्यावा. अमेरिकन वकिलातींत किंवा पेढ्यांच्या कचेऱ्यांत काम असेल तर वांद्रे-कुर्ला संकुल बरें. परळच्या टाटा, के. ई. एम. वा वाडिया रुग्णालयांत कोणी आजारी असेल, तर परळचें आय. टी. सी. ग्रँड सेंट्रल, लोअर परळचें सेंट रेजिस किंवा वरळीचें फोर सीझन्स जवळ पडतें. विमानतळाजवळचीं हॉटेलें, म्हणजे सहारचें लीला व जे. डब्ल्यू. मॅरियट आणि देशांतर्गत विमानांच्या दाराशीं असलेलें ताज सांताक्रूझ, दोन विमानांमध्यें एक रात्र काढावयाची असेल तर खचित घ्यावीं. एरवीं नव्हे.

एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, आमच्या भागांत पंचांग पाहून यावें लागतें. अनंत चतुर्दशीस लालबाग-परळापासून गिरगांव चौपाटीपर्यंत रस्ते मिरवणुकांचे असतात, गाड्यांचे नसतात. अंगारकीच्या दिवशीं सिद्धिविनायकापुढून वेळेवर गाडी नेईन, असें कोणी म्हणाल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

भाड्याविषयीं दोनच गोष्टी. एका रात्रीस साडेसात हजारांहून अधिक भाडें असेल तर त्यावर १८ टक्के कर पडतो. तेव्हां सांगितलेला आंकडा करासह कीं कराविना, हें आधीं विचारावें. दुसरी गोष्ट खोली ताब्यांत मिळण्याची. ती बहुधा दुपारीं दोन-तीनला मिळते, आणि आपलीं विलायतेचीं व आखाताचीं विमानें पुष्कळदां उतरतात मध्यरात्रीनंतर. पहाटे दोनला उतरणाऱ्यानें खोली आदल्या तारखेपासून घेतली नाहीं, तर त्याला बारा तास दिवाणखान्यांत बसावें लागेल.

याच मध्यरात्रीनें आपल्या लोकांची केवढी फसगत होते! आपला दिवस सूर्योदयाला उगवतो, इंग्रजी तारीख रात्रीं बाराला बदलते. बारा तारखेच्या रात्रीं दीडचें विमान म्हटलें कीं आपण बाराचा दिवस घालवून रात्रीं जेवून निघतों. आणि विमान तर चोवीस तासांपूर्वींच गेलेलें असतें. आमच्या चाळींतील एका सुशिक्षित कुटुंबाचें असें चार तिकिटांचें नुकसान झालेलें मीं पाहिलें आहे. त्यांतील कर्ता पुरुष हिशेबनीस होता.

विमानतळावरून येण्याच्या वाहनांविषयीं आतां थोडें सविस्तर सांगतों, कारण फसवणुकीपेक्षां घोटाळाच अधिक होतो. पहिला प्रश्न, विमानतळ कोणता? डिसेंबर २०२५ पासून मुंबईस दोन झाले आहेत. तिकिटावर बी. ओ. एम. असेल तर सांताक्रूझ-सहार, एन. एम. आय. असेल तर नवी मुंबई. दुसरा प्रश्न, इमारत कोणती? टी-१ सांताक्रूझच्या बाजूस, टी-२ सहारला. मध्यें धांवपट्ट्या असल्यानें एकीकडून दुसरीकडे जाण्यास रस्त्यानें वळसा पडतो. हॉटेलची गाडी घेतल्यास ती महाग पडते, पण नांवाची पाटी घेऊन माणूस उभा असतो. म्हाताऱ्या, परक्या किंवा रात्रीं एकट्या येणाऱ्या बाईसाठीं तो खर्च करावा. मात्र विमान उशिरां आलें तर थांबण्याचे पैसे वेगळे काय, वरळी सागरी सेतूचा पथकर व विमानतळावरील गाडीतळाचें शुल्क त्यांत धरलें आहे काय, हें विचारून घ्यावें. विमानतळाच्या आंतील खिडकीवर आधीं पैसे भरून मिळणारी टॅक्सी हा मधला मार्ग. बाहेर हात धरून ‘साहेब, चला’ म्हणणाऱ्याच्या गाडींत बसूं नये.

सामानाचा विचार तर कोणी करीतच नाहीं. आपल्या बहुतेक टॅक्सी नैसर्गिक वायूवर चालतात, आणि त्या वायूची टांकी मागच्या डिकींत बसविलेली असते. दोन मोठ्या बॅगा तेथें मावत नाहींत; त्या टपावर बांधाव्या लागतात. पावसाळ्यांत ताडपत्री आहे कीं नाहीं, तें पाहून मगच दोरी आंवळूं द्यावी. आणखी एक: रिक्षा माहीम-शीवच्या पलीकडे शहरांत येऊं शकत नाहींत. रिक्षानें परळास येतों म्हणणारा पाहुणा माहीमला सामानासह रस्त्यावर उतरतो.

भुयारी मेट्रोनें हें चित्र पुष्कळ पालटलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरांची संपूर्ण वाट खुली झाली. टी-१ व टी-२ या दोहोंस तिची स्थानकें आहेत, आमच्या सिद्धिविनायकास आहे, दादर, वरळी, हुतात्मा चौक व चर्चगेटलाही आहे. सबंध मार्गाचें भाडें तेव्हां ७० रुपये ठरलें. मिरवणूक असली तरी ती थांबत नाहीं. पण ती रात्रभर चालत नाहीं, आणि मोठ्या बॅगा घेऊन जिने-सरकते जिने करणें म्हाताऱ्या माणसाचें काम नव्हे. नव्या विमानतळास जाणाऱ्यांस शिवडीचा अटल सेतु आहे; तो १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला, लांबी २१.८ किलोमीटर. नकाशांत शिवडी आणि प्रभादेवी शेजारीं दिसतात. परंतु मध्यें रेल्वेचे रूळ आहेत, आणि ते ओलांडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या पुलासाठीं बंद केला गेला. तेव्हां पश्चिमेकडून निघणाऱ्यानें वळशाचा वेळ धरूनच घर सोडावें. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापासून मोठ्या हॉटेलांच्या फाटकांत गाडी व सामान तपासतात. तीं दहा मिनिटेंही हिशेबांत घ्यावीं.

माझा भाचा आईच्या वर्षश्राद्धाला पुन्हां आला. या वेळीं हॉटेल ठरविण्यापूर्वीं त्यानें माझ्याकडून पत्त्यांची यादी मागविली: आमचें घर, भटजींचें घर, दादरचें मंगल कार्यालय, बहिणीच्या बँकेची शाखा. मग लोअर परळला उतरला. तें हॉटेल गेल्या वेळेहून महाग होतें, आणि खोलीही लहान होती असें तो म्हणाला. रोज सकाळीं आठला तो आमच्याकडे चहाला येई आणि रात्रीं जेवून परत जाई. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें तिकीट माझ्यापुढें ठेवून विचारलें, ‘मामा, दीडचें विमान. निघायचें आज कीं उद्यां?’ मीं पाटी-पेन्सिल शोधूं लागलों. ती नव्हती, म्हणून पंचांगाच्या मागच्या पानावर दोन्ही तारखा एकाखालीं एक लिहून त्यांच्यामध्यें रेघ मारून दाखविली. ‘आज,’ तो म्हणाला, आणि बॅग भरावयास उठला.