शून्य मासे, तरीही डेटा

समजा, तुम्हाला अमेरिकेतल्या मिनेसोटात मस्कीच्या हंगामाचा पहिला दिवस गाठायचाय. मस्की हा गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. क्वचितच गळाला लागतो, म्हणून त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात.

हंगाम साधारण जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो. पण मासा कॅलेंडर बघत नाही, पाण्याचं तापमान बघतो. साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअसला तो उथळ पाण्यात अंडी घालतो. थंडी लांबली, तर पहिल्या दिवशीही तिथेच रेंगाळतो. म्हणून आधीचा आठवडाभर तापमान नोंदवा, मग जागा ठरवा. मोठी जाळी आणि लांब पक्कडही घ्या. बहुतेक तलावांत 54 इंचांखालचा मासा लगेच परत सोडावा लागतो.

आता आपला मुद्दा. दिवसभर काहीच मिळालं नाही, तर वहीत काय लिहाल?

समजा, दहा जणांनी आठ-आठ तास गळ टाकला आणि दोघांना एकेक मासा मिळाला. म्हणजे 80 तासांत 2 मासे, एका माशामागे 40 तास. फक्त त्या दोघांनीच नोंद केली, तर 16 तासांत 2 मासे, म्हणजे माशामागे 8 तास. तलाव तोच, पण कागदावर मासे पाचपट! अशा आकड्यांवर मासेमारीचे नियम सैल केले, तर किंमत माशांनी मोजायची.

म्हणून फील्डवर्कच्या वहीत पहिला रकाना वेळेचा ठेवा. आणि शून्य आलं, तर शून्यच लिहा. जागा कोरी सोडू नका.