जागलीचा कुत्रा

काउंटरवर लोखंडी साखळ्यांचा ढीग पडला आहे आणि एक शेतकरी त्यातली सगळ्यात जाड साखळी शोधतो आहे. एक उचलतो, ओढून पाहतो, ठेवून देतो, दुसरी उचलतो. "याच्याहून जड हाये का, भाऊ?"

दुकानदार गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलवर सरकीच्या ढेपेचं पोतं चढवून देतो, परत येऊन हात झटकतो आणि साखळीबद्दल काहीच न बोलता विचारतो, "कुत्रा केवढा झाला?"

"वर्षाचा. लई चावरा निघाला. परवा शेजाऱ्याच्या पोट्ट्यावर धावला."

"दिवसभर बांधलेलाच असते?"

"मंग काय करता? सोडला का कोणाच्याही आंगावर जाते."

मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. समोरून राष्ट्रीय महामार्ग १६१ जातो. अकोल्याकडचे ट्रक पातूरचा घाट चढून दमल्यासारखे इथवर येतात. वनखात्याचं मेडशी परिक्षेत्र या गावाच्या नावाचंच आहे आणि याच डोंगरपट्ट्यात पुढे काटेपूर्णा अभयारण्य लागतं. सोयाबीन घरात आलं आहे, तूर फुलावर आहे, हरभरा वीतभर झाला आहे. म्हणजे रात्री रानडुकरं आणि रोही वावरात उतरायचे दिवस. माणूस जागलीला जातो आणि त्याच्यासोबत कुत्रा जातो. म्हणूनच ढेप, वेसणी, कासरे, घुंगरमाळा यांच्या या दुकानात एक फळी कुत्र्यांची आहे. सुटं खाद्य, जंताचं औषध, गोचिडाची पावडर, पट्टे, साखळ्या. या फळीवरून सल्ला जास्त जातो, माल कमी. ढेपेच्या पोत्यावर बसून मी तो ऐकतो आहे.

"हे पाहा," दुकानदार म्हणतो, "मोकळ्या कुत्र्याले भेव वाटलं का थो पळून जाते. बांधलेल्याले पळता येत नाही. मंग त्याच्यापाशी काय राह्यलं? दात."

शेतकरी हातातल्या साखळीकडे पाहतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण गावोगाव उलटं समजतात: बांधून ठेवलं की कुत्रा तिखट होतो, राखण चांगली करतो. तिखट होत नाही, भेदरट होतो, आणि भेदरलेलं जनावर कोणालाही चावतं. कायद्यालाही हे कळलेलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम जनावराला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा ठरवतो. आणि त्याच कलम ११ मध्ये कुत्र्यासाठी खास वेगळी तरतूद आहे: कायम बांधलेल्या कुत्र्याला धन्याने फिरवलं नाही, तर तोही गुन्हा.

दुकानदार कायद्याचं नाव काढत नाही. तो शेतकऱ्याला काउंटरवर बोटाने आखून दाखवतो. गोठ्याजवळ दोन बल्ल्या, त्यांच्यामध्ये ताणलेली तार, तारेत सरकणारं कडं, कड्याला हलकी साखळी. कुत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत ये-जा करता येते, सावलीत बसता येतं, पाण्यापाशी जाता येतं. "आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा घंटा हाती धरून फिरव. तोंडाले जाळी लावून."

दाराशी एक शाळकरी पोरगा केव्हाचा उभा आहे. काखेत गावठी पिलू, तांबूस, चारही पंजे पांढरे. तो त्याला खाली ठेवतो, पाठीमागून दाबतो आणि ओरडतो, "बस! बस!" पिलू दाबाखालून निसटतं.

"दाबू नको रे."

दुकानदार डबा उघडतो. ज्वारीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडतो, उकिडवा बसतो आणि दोन बोटांत धरलेला तुकडा पिलाच्या नाकाशी नेतो. देत नाही. हात हळूहळू वर, कानांच्या दिशेने मागे नेतो. पिलाचं नाक हातामागे जातं, मान वर होते, आणि मान वर गेली की मागचा भाग आपोआप खाली येतो. ढुंगण जमिनीला टेकतं त्याच क्षणी तो म्हणतो, "बस," आणि तुकडा तोंडात. शब्द हळूच उच्चारलेला, ओरडून नाही.

पोरगा करून पाहतो. त्याचा हात फार उंच जातो, पिलू उडी मारतं. "नाकाच्या जवळ धर." पुन्हा. या वेळी पिलू बसतं, पण पोरगा आनंदाने आमच्याकडे पाहतो आणि तुकडा द्यायचं विसरतो. देतो तेव्हा पिलू उठलेलं असतं. "आता त्याले वाटलं, उठलो म्हणून भेटलं," दुकानदार सांगतो. "बसल्या-बसल्या दे." पोरगा मान हलवतो आणि पुढच्या खेपेला ते नीट जमतं. शिकवण्याचं सगळं मर्म या एका क्षणात आहे. बक्षीस उशिरा मिळालं की कुत्रा भलतंच शिकतो. मार तर बहुतेक उशिराच मिळतो, म्हणून त्यातून तो फक्त माणसाच्या हाताला भ्यायला शिकतो.

"रोज नवीन माणसापाशी ने याले," दुकानदार पोराला सांगतो. "म्हातारे, लहान पोट्टे, फटफटी, बैलं, सगळं दाखव. आताच." हे 'आताच' महत्त्वाचं आहे. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिलं वाढवून, निरखून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. पिलू जगाशी ओळख करून घेतं ते साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात, हे त्यांनी मांडलं. त्या दिवसांत ज्याने माणसं पाहिली नाहीत, त्याला पुढे प्रत्येक परका माणूस वैरी वाटू शकतो. साखळी निवडणारा शेतकरी हे ऐकतो आहे. त्याचा कुत्रा डोळे उघडल्यापासून वावरातल्या खोपडीतच वाढला आहे, असं तो स्वतःहूनच सांगतो.

फटफटीवरून उतरलेला एक तरुण विचारतो, जर्मन शेफर्डचं पिलू मागवून देता का. दुकानदार सरळ नाही म्हणतो. पिलं विकायची तर २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिलू तर विकताच येत नाही. "आणि जागलीले जर्मन कायले पाह्यजे? आपल्या उन्हात थो धापा टाकत बसन. गावठीच चांगला." तरुणाची नजर भिंतीवरच्या पट्ट्यावर जाते. जाड चामडं, त्यातून बाहेर आलेले बोटाच्या पेराएवढे लोखंडी खिळे. हा बिबट्यासाठी. बिबट्या कुत्र्याचा गळा धरतो, पट्टा त्या जागेवर बसतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. दुकानदाराला तो आकडा कोणी सांगण्याची गरज नाही. रात्री कुत्र्याला माणसाजवळ, शेकोटीच्या उजेडात ठेवा, एवढं तो प्रत्येकाला बजावतो. जंगलाच्या कडेच्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस द्या, हेही सांगतो, आणि ते ऐकायलाच हवं. २०१८ मध्ये गीरमध्ये एकामागून एक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता. कुत्र्यांचा रोग रानात शिरला की थांबवणं कठीण.

एक म्हातारी येते. ढोरांचं गोचिडाचं औषध तिने कुत्र्याच्या अंगाला चोळलं आणि कुत्रा लाळ गाळत थरथरत राहिला. "आता कसा हाये, माय?" "आता बरा हाये, पण खात नाही." दुकानदार पोराच्या पिलाचा ओठ अलगद वर करतो आणि तिला गुलाबी हिरडी दाखवतो. "घरी जाऊन तुह्या कुत्र्याची अशी पाह्य. पांढरी दिसली तर गोचीडताप असू शकते, आजच डॉक्टरले दाखव." तो तिला पावडर विकत नाही. तापाची माणसाची गोळी देऊ नको, कांद्या-लसणाचा उरलेला रस्सा ओतू नको, हे दोन्ही दोनदा सांगतो. कांद्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं आणि पॅरासिटामॉल त्याला विषासारखं बाधतं. कुठे थांबायचं आणि गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे कधी धाडायचं, हे ज्याला कळतं त्या दुकानदारावरच विश्वास टाकावा.

मग तो पुन्हा शेतकऱ्याकडे वळतो. "त्या पोट्ट्याले दात लागले का?"

"नाही नाही. पायाले निरा ओरखडा. चुना लावला त्याच्या मायनं."

दुकानदाराच्या हातातलं तारेचं भेंडोळं खाली येतं. "इंजेक्शन घेतलं?"

"ओरखड्याले काय इंजेक्शन?"

दुकानात एकदम कोणी बोलत नाही. मग दुकानदार एकेक शब्द स्पष्ट बोलतो. ओरखडा आला तरी इंजेक्शन घ्यायचं. जखमेला चुना नाही, मिरची नाही, हळद नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. परवाचं असलं तरी आज धुवायची, आणि तसंच सरकारी दवाखान्यात जायचं. लस तिथे फुकट मिळते. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा, एकही न चुकवता. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं लागतं. आणि वेळेवर लस घेतली तर तो होत नाही. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत देशातून संपवायचा, असा राष्ट्रीय आराखडा आहे. तो संपायचा असेल तर अशाच काउंटरांवर हे बोलणं व्हायला हवं.

"कुत्र्याले मारून टाकतो मंग," शेतकरी घाबरून म्हणतो.

"मारू नको! मारला तर कळन कसं, त्याले काही होतं का नाही? दहा दिवस नजरेसमोर ठेव. खाते का, पेते का, आवाज बदलला का, पाह्य. पण तू म्हणशीन दहा दिवस पाहू आणि मंग पोट्ट्याले इंजेक्शन देऊ, तर तसं नाही. पोट्ट्याचं आजच."

शेतकरी खिशातून फोन काढतो, शेजाऱ्याला लावतो. "हो... हो, आताच. आंगणवाडीपाशी थांब, मी गाडी घेऊन येतो." बोलता-बोलता तो जड साखळी ढिगात परत टाकतो.

दुकानदार हलकी साखळी, कडं आणि तार मोजून बांधतो. बिलाच्या मागे कुत्र्यासाठी दहाव्या दिवसाची तारीख लिहितो, खाली पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ, आणि 'रेबीज लस, दरवर्षी' असं लिहून दोन रेघा ओढतो. "पैसे मंग दे. आधी पोट्ट्याले घेऊन जाय."