कडक झालेला स्लाइम आणि बागेतली पुडी
सुटी लागली की निफाड-दिंडोरीकडच्या वाड्यावस्त्यांवरही हल्ली मुले पांढऱ्या गोंदात टाकणखाराचे पाणी कालवून स्लाइम नावाचा लिबलिबीत गोळा करतात. चार दिवसांत तो वाळून रबरासारखा होतो. मग मऊ होईल म्हणून मुले आणखी टाकणखार घालतात. इथेच चुकते. टाकणखार गोंदाचे धागे एकमेकांना बांधतो. तो जास्त झाला की गोळा अधिकच ताठरतो.

त्याऐवजी गोळा कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून मळावा. तरी न वळल्यास लिंबाच्या रसाचे थेंब घालीत जावे. आंबटाने ती बांधणी सैल होते. फार घातल्यास मात्र गोळ्याचा पुन्हा गोंदच!

मला काळजी निराळीच आहे. द्राक्षाला फुलोऱ्याआधी फवारायची बोरॉनची पुडीही टाकणखाराच्याच कुळातली. एका बागायतदाराच्या नातीने तीच गोंदात कालवायला घेतलेली मी पाहिली. पुडी देव्हाऱ्याखालच्या खणात होती! पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, लहानग्याला त्याहून मोठा अपाय. माता-भगिनींनो, पुडी कुलपात ठेवा, खेळ झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. रांगत्या मुलाच्या हाती तर गोळा देऊच नका. ते तो तोंडातच घालणार.