अब्बांची राजदूत आणि वीतभर पाइप

यवतमाळ, पुसद, दारव्हा किंवा उमरखेडच्या जुन्या मोहल्ल्यांत एखाद्या घराच्या ओसरीत ताडपत्री पांघरलेली जुनी मोटरसायकल अजूनही दिसते. कुणाकडे जावा, कुणाकडे येझदी, कुणाकडे बुलेट. अब्बांनी हौसेने घेतलेली, म्हणून भंगारात द्यायला मन धजत नाही. मुले कमावती झाली की ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरते. इंजिन उघडले जाते, रंग होतो, क्रोम चढते. मग टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणारा पाइप मात्र हाताशी असेल तो लावला जातो. या वीतभर पाइपावर इंजिनाचे आयुष्य आणि घराची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात.

दोन कार्ब्युरेटरची गोष्ट

जुन्या बुलेटला किंवा येझदी रोडकिंगला एकच कार्ब्युरेटर असतो. राजदूत ३५० चे तसे नाही. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये जपानच्या यामाहा आरडी ३५० वरून ही गाडी भारतात आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर. पेट्रोल ढकलायला पंप नाही. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, आणि पेट्रोल फक्त आपल्या वजनाने उतरते. त्यामुळे पाइप कुठे दबला, कुठे वर वळला किंवा टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले, तरी प्रवाह मंदावतो.

एका बाजूला पेट्रोल कमी पोहोचले तर गाडी बंद पडतेच असे नाही. ती दुसऱ्या सिलिंडरच्या जोरावर धावत राहते आणि उपाशी सिलिंडर तापत जातो. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळले असेल तर धोका दुप्पट, कारण पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. शेवटी पिस्टन जाम होतो. वेगात असताना असे झाले तर मागचे चाक लॉक होऊन चालवणारा रस्त्यावर फेकला जाऊ शकतो. म्हणून थोडी गाडी फिरवून आणल्यावर दोन्ही प्लग काढून रंग पाहावा. तपकिरी असेल तर ठीक. एक तपकिरी आणि दुसरा पांढुरका असेल तर पांढुरक्या बाजूचा पाइप आधी तपासावा.

पेट्रोल बदलले, पाइपही बदला

ज्या काळात या गाड्या बनल्या, त्या काळचे पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. आज त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते किंवा तडकते. स्वस्तातला पारदर्शक प्लास्टिक पाइप काही महिन्यांत काठीसारखा कडक होतो आणि तोटीवरची पकड सोडतो. काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले आहे. दुकानात मागताना ‘इथेनॉलला चालणारा पेट्रोल पाइप’ असे स्पष्ट सांगावे. व्हायटॉन नावाने मिळणारा पाइप महाग असला तरी टिकतो.

इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी धरलेले इथेनॉल टाकीच्या तळाशी बसते, पत्रा गंजतो आणि तो गंज पाइपातून कार्ब्युरेटरमध्ये उतरतो.

जोडणी कशी करावी

काम अंगणात, मोकळ्या हवेत आणि इंजिन गार असताना करावे. बॅटरीची तार आधी सोडावी. कॉक बंद करून टाकी उतरवावी. पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढावे, बादलीत नाही. कॉकची जाळी स्वच्छ करावी.

जुना पाइप नेऊन तोटीच्या मापाचाच नवा घ्यावा. सैल पाइप क्लिप आवळून बसवणे म्हणजे गळतीला बोलावणे. धारदार पात्याने सरळ कापावा. लांबी इतकी ठेवावी की ताण पडू नये आणि झोळही राहू नये. पाइप सतत उतरता असावा. सिलिंडरच्या फिनला तो टेकू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सिग्नलवर अडते.

टोक क्षणभर गरम पाण्यात धरले, मग नीट पुसून घेतले की पाइप तोटीवर सहज चढतो. तो फुगवट्याच्या पुढे सरकवून क्लिप फुगवट्यामागे बसवावी. क्लिपऐवजी बांधणीची तार पिळू नये, ती रबर कापते. फिल्टर लावायचा तर दोन्ही बाजूंना सारखा, जाळीचा. पंपाच्या गाडीचा दाट कागदी फिल्टर इथे प्रवाह अडवतो.

मग टाकी बसवून थोडे पेट्रोल घालावे. कार्ब्युरेटरकडची टोके एकेक करून बाटलीत धरावीत. दोन्हींतून धार सारखी आली पाहिजे. टोके जोडून कॉक उघडावा आणि दहा मिनिटे किक न मारता थांबावे. प्रत्येक जोडावर कोरडा कागद दाबून पाहावा. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर दोष बहुधा पाइपाचा नसून फ्लोटच्या सुईचा किंवा तिथे अडकलेल्या कचऱ्याचा असतो. ते काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे.

घरातल्यांनी लक्षात ठेवावे

आपल्याकडे जागेअभावी गाडी रात्री ओसरीत, कधी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून उभी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत उंबरठा ओलांडून आत येते. शेगडी, लोबानचा निखारा, इन्व्हर्टरची ठिणगी, यातले काहीही तिला पुरते. म्हणून घरी आल्याबरोबर कॉक बंद करण्याची सवय लावावी. वास आला तर दिवा लावू किंवा विझवू नये. दारे-खिडक्या उघडून गाडी बाहेर ढकलावी. ही सूचना गाडी चालवणाऱ्या मुलाइतकीच घरी असणाऱ्या अम्मी आणि दादींनाही माहीत हवी.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाइप बोटांनी वाकवून पाहावा. बारीक तडे दिसले, हाताला चिकट लागला किंवा कडक वाटला तर दोन्ही बाजूंचे पाइप एकाच दिवशी बदलावेत. अब्बांची गाडी ही अमानत आहे. तिच्या रंगरंगोटीवर हजारो रुपये खर्च होतात. त्याआधी या पाइपाचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.