मॅक्रो घेताय? आधी बॉडी बघा!

किट लेन्सचा हनिमून फार काळ टिकत नाही. ऑफिसची ट्रिप झाली, भाचीचा बर्थडे झाला, राजमाचीचा ट्रेकही झाला. मग सप्टेंबरात कासच्या पठारावर जावं, ‘सीतेची आसवं’ टिपायला गुडघे टेकून बसावं, तर ते इवलंसं जांभळं फूल फ्रेममध्ये टिंबाएवढं! आणखी जवळ जावं, तर कॅमेरा फोकसच करत नाही. इथेच डोक्यात मॅक्रो लेन्सचा किडा शिरतो.

किडा छान आहे, पण महागडा. चांगली मॅक्रो लेन्स कधीकधी कॅमेऱ्याच्याच किमतीला जाऊन भिडते. म्हणून कार्ड पुढे करण्याआधी थोडा होमवर्क मस्ट!

नाण्याची टेस्ट
बऱ्याच झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असं ऐटीत छापलेलं असतं. त्याला भुलू नका. खरी मॅक्रो १:१, म्हणजे वस्तू जेवढी मोठी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. बिगिनर डीएसएलआरचा सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा, आणि आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं. म्हणजे १:१ वर ते नाणं फ्रेममध्ये मावताच कामा नये! आणि हो, निकॉन याच लेन्सना ‘मायक्रो’ म्हणतं. गोंधळू नका.

मोटर कुठंय?
खरी गोम इथे आहे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटरच नाही. ती लेन्समध्ये असावी लागते. लेन्सवर ‘एएफ-एस’ असेल तर बिनधास्त घ्या. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ‘एएफ-डी’ मायक्रो लेन्स या बॉडीवर बसते, एक्सपोजरही बरोबर देते, पण फोकस रिंग हातानंच फिरवावी लागते. फुलं किंवा दागिने ट्रायपॉडवरून टिपणार असाल तर हा सौदा वाईट नाही. फोकस लागला की व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका सांगतोच. फक्त हे पैसे देण्याआधी माहीत हवं, नंतर नाही! टॅमरॉनच्या लोकप्रिय ९० मिमी मॅक्रोचंही तसंच. निकॉनसाठीच्या जुन्या आवृत्तीत मोटर नाही, नंतरच्यांत आहे.

कॅननवाल्यांना हे टेन्शन नाही, कारण ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर असतेच. तिथे खुणा बघायच्या: लाल ठिपका ईएफचा, पांढरा चौकोन ईएफ-एसचा. १५००डी सारख्या बॉडीवर दोन्ही चालतात. पुढे फुलफ्रेम डीएसएलआर घ्यायचा प्लॅन असेल तर मात्र ईएफच घ्या, ईएफ-एस त्यावर बसत नाही.

मिररलेस घेतलाय? अॅडॉप्टर लागेल. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्येही मोटर नाही, त्यामुळे तिथेही एएफ-एसच बघा.

४० की १००?
निकॉनची ४० मिमी मायक्रो १६.३ सेंटिमीटरवरून फोकस करते. पण हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं! लेन्सच्या टोकापुढे उरतात जेमतेम काही सेंटिमीटर. अंगठी, केक, फूल यांना ठीक. फुलपाखरू मात्र तेवढ्यात टाटा करतं, आणि लेन्सची सावलीही पडते. किड्यांचा नाद असेल तर ८५ ते १०५ मिमी घ्या.

खिसा हलका असेल तर?
एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. काच नसलेली ही पोकळ कडी बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसते आणि किट लेन्सलाही जवळचं दिसायला लागतं. इलेक्ट्रिकल काँटॅक्ट असलेलीच मागा, नाहीतर अॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येणार नाही.

शेवटचा फंडा: फोर्टच्या बोरा बाजारात जा नाहीतर गल्लीतल्या दुकानात, स्वतःची बॉडी सोबत न्या. लेन्स चढवा, शटर अर्धं दाबा, मोटर चालतेय का ऐका. मग खिशातलं दहाचं नाणं काढा. कडा फ्रेमबाहेर गेल्या? मग काढा पाकीट!