बातमी संपते तेथे वृत्तलेख सुरू होतो

भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या दोन बातम्या वृत्तपत्रांत ठरलेल्या वेळी येतात. पावसाळ्यात एखादी येते : ‘भाटघर काठोकाठ, सांडव्यावरून विसर्ग सुरू’. एप्रिल-मे महिन्यांत दुसरी येते : ‘डोंगरी वाड्यांना टँकरची प्रतीक्षा’. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. दोन्ही पाच-सात ओळींच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात. मात्र त्या एकाशेजारी एक ठेवल्या, की मनात एक प्रश्न उभा राहतो. एवढा पाऊस, एवढी मोठी धरणे, मग वाडीवर पाणी का नाही?

वृत्तपत्रविद्येचे विद्यार्थी ज्याला ‘फीचर’ म्हणतात, त्या वृत्तलेखाचे बीज अशा प्रश्नात असते. वृत्तलेख कसा लिहायचा हे केवळ पत्रकार होणाऱ्यांनीच शिकावे असे नाही. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना तो लिहिता आला, तर विज्ञान, भूगोल, गणित आणि भाषा हे चार विषय एका कामात एकत्र येतात. म्हणून हेच उदाहरण घेऊन वृत्तलेख कसा घडतो ते आपण पाहू.

निबंध, शोधनिबंध आणि वृत्तलेख

शाळेतला निबंध बहुधा घरी बसून लिहिता येतो. ‘पाणी हेच जीवन’ या विषयावर दोन पाने भरायला गावाबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. आम्ही संशोधक मंडळी जो शोधनिबंध लिहितो त्याला निरीक्षणांचा आधार लागतो, पण तो त्या विषयातील जाणकारांसाठीच असतो. वृत्तलेखाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. त्यातले प्रत्येक विधान तपासता आले पाहिजे आणि तो एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसालाही वाचावासा वाटला पाहिजे.

मराठीत ही परंपरा जुनी आहे आणि ती एका शिक्षकानेच सुरू केली. ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र १८३२ मध्ये काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक होते. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान अशा विषयांची समजूत करून देणारे लेख त्यात येत. बातमी देण्याइतकेच ती समजावून देणेही महत्त्वाचे आहे, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते.

आधी प्रश्न, मग विषय

‘भोर-वेल्ह्याचे पाणी’ हा विषय झाला. त्यावर ग्रंथ लिहिता येईल, लेख लिहिता येणार नाही. कारण कोठे थांबायचे तेच कळणार नाही. लेखाला एकच प्रश्न लागतो आणि तो उत्तर शोधता येण्याजोगा असावा लागतो. ‘सरकार झोपले आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर मोजता येत नाही. ‘धरणापासून हाकेच्या अंतरावरील वाडीवर एप्रिलमध्ये पाणी का नसते?’ याचे उत्तर शोधता येते.

प्रश्न ठरला की संभाव्य उत्तरे कागदावर मांडावीत. पहिले : पाऊसच कमी पडतो. दुसरे : पाऊस पडतो, पण जमिनीत मुरत नाही. तिसरे : धरणातले पाणी इतरांना दिल्यावर वाडीसाठी उरतच नाही. चौथे : पाणी आहे, पण ते वर चढवता येत नाही. आता यांतले एकेक उत्तर तपासायचे. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो, फक्त तेथे एस.टी.ने जावे लागत नाही.

आकडा बोलका करणे

पहिले उत्तर लगेच बाद होते. सह्याद्रीच्या धारेलगतचा भाग राज्यातील भरपूर पावसाच्या पट्ट्यात मोडतो. जसजसे आपण पूर्वेला पुणे-सातारा रस्त्याकडे सरकतो, तसतसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. टंचाईच्या बातम्या मात्र बऱ्याचदा याच पश्चिमेकडच्या डोंगरी वाड्यांच्या असतात. तालुक्याच्या ठिकाणी महसूल मंडलांच्या पावसाच्या नोंदी मिळतात. त्या उतरवून घेऊन आलेख काढण्याचे काम विद्यार्थी सहज करू शकतात.

जुन्या नोंदी शोधताना नावांकडे लक्ष ठेवावे. वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याआधीचे सारे कागद ‘वेल्हे’ या नावानेच सापडतील.

आता तिसरे उत्तर पाहू. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाची साठवण सुमारे २३.५ टीएमसी आहे. हा आकडा बातमीत जसाच्या तसा येतो आणि वाचक तो तसाच ओलांडून पुढे जातो. वृत्तलेखात त्याला बोलते करावे लागते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर मावतात. म्हणजे एक टीएमसीत सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी झाले.

माणसाला लागते किती? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. वर्षाचे झाले सुमारे २०,००० लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे २ लाख ४० हजार होती. गुणाकार केला तर वर्षाला सुमारे ४८० कोटी लिटर, म्हणजे ०.१७ टीएमसी होतात. दोन्ही तालुक्यांतील साऱ्या माणसांची वर्षभराची घरगुती गरज एकट्या भाटघरच्या साठ्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे!

हा गुणाकार सातवीचा विद्यार्थीही करील, पण त्याने लेखाची दिशा बदलते. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण या खालच्या अंगाच्या तालुक्यांना जाते हे खरे. ‘आमचे पाणी त्यांनी नेले’ हे वाक्य भोरमध्ये कोणाच्याही तोंडी येईल, आणि त्यामागे घरेदारे, शेते पाण्याखाली गेल्याचे दुःख आहे. ते लेखात आलेच पाहिजे. पण पिण्याच्या पाण्यापुरते पाहिले तर खालच्या शेतकऱ्याचे पाणी तोडल्याशिवाय वाडीची तहान भागू शकते, असे आकडे सांगतात. म्हणजे तिसरे उत्तरही अपुरे ठरले.

दगड आणि उतार

दुसऱ्या उत्तरासाठी भूशास्त्राकडे जावे लागते. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. या काळ्या बेसाल्ट खडकाच्या घट्ट थरात पाणी मुरायला जवळजवळ जागाच नसते. ते मुरते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. सच्छिद्र थराखाली घट्ट थर आला की पाणी आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरातल्या वाड्या अशा झऱ्यांजवळच वसलेल्या दिसतात.

मात्र ही साठवण उथळ असते. वर तीव्र उतार, त्यामुळे पावसाचे बहुतेक पाणी मुरण्याआधीच ओढ्यात जाते. जे मुरते ते हिवाळाभर पाझरत राहते आणि फेब्रुवारी-मार्चनंतर झरा बारीक होतो. पाऊस दुप्पट पडला तरी मडके तेवढेच राहते. जास्तीचे पाणी वरून सांडून जाते. दुसरे उत्तर बरोबर आहे, पण त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. झरा आटला तरी खाली जलाशय दिसतो आहेच!

सहा युनिटांची गोष्ट

राहिले चौथे उत्तर. समजा, वाडी जलाशयापासून १०० मीटर उंचावर आहे आणि तेथे २०० माणसे राहतात. दररोज लागणार ११,००० लिटर. एक हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला ९.८ लाख ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेचे सुमारे पाव युनिट. पंप आणि नळ यांत निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले तर अर्धे युनिट. साऱ्या वाडीसाठी दिवसाला सुमारे सहा युनिट.

हेच पाणी १५ लिटरच्या हंड्याने आणायचे तर सातशेहून अधिक खेपा होतात. त्या बायका आणि मुली करतात. प्रत्यक्षात एवढ्या खेपा शक्य नसतात, म्हणून पाणीच कमी वापरले जाते. भांडी, अंघोळ, जनावरे यांत काटकसर होते आणि मुलीची शाळा बुडते.

दिवसाला सहा युनिटांमुळे हे अडले असेल, तर कारण भौतिकशास्त्रात नाही. आता लेखकाला नवे प्रश्न सुचतात. नळयोजना झाली होती का? वाडी लहान म्हणून ती राहून गेली का? झाली असेल तर पंप चालू आहे का? वीजबिल कोण भरते? दुरुस्तीचे पैसे ठेवले आहेत का? पाणी शुद्ध करण्याची सोय कोणती? ही उत्तरे ग्रामपंचायतीच्या दफ्तरात आणि माणसांच्या तोंडी मिळतात. तोपर्यंत केलेले गणित आपल्याला योग्य दारापर्यंत आणून सोडते.

माणसांशी बोलताना

वाडीवर गेल्यावर ‘आजी, पाण्याचा त्रास होतो का हो?’ असे विचारले तर ‘होतो की’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘काल पहिला हंडा किती वाजता भरला? नंबर कितीवा होता? परवाच्या लग्नाला पाणी कोठून आणलं?’ असे विचारावे. ठोस प्रश्नाला ठोस उत्तर मिळते आणि त्यात माणूसही दिसतो. शक्य असेल तर आजींबरोबर झऱ्यापर्यंत चालत जावे, घड्याळ लावावे, चढाची पावले मोजावीत. कोणाचे नाव छापायचे असेल तर आधी विचारावे.

झऱ्यावर आणखी एक मोजमाप करावे. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटे लागली असे समजू. मग तासाला ३०० लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. वाडीच्या गरजेचा दोन तृतीयांश भाग. पण रात्रीचे बारा तास कोणी भरत नसेल आणि खाली टाकी नसेल, तर त्यातले निम्मे पाणी वाहून जाते. एका बादलीने आणि घड्याळाने असा शोध लागू शकतो.

शेवटी शाखा अभियंता, ग्रामसेवक, कालव्याखालचा शेतकरी यांच्याशीही बोलावे. ज्याच्यावर आपण बोट ठेवणार आहोत त्याचे म्हणणे न ऐकता लिहिणे हा अन्याय आहे.

ऐकीव आकड्यांबाबत फार सावध राहावे. वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्यात महापूर आला. दिवस निश्चित आहे, पण त्या पुरात किती माणसे गेली याचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. अशा वेळी आकडा कोणी दिला ते लिहावे. सर्वांत मोठा आकडा उचलून लेख वजनदार होत नाही.

लिहायला बसताना

वह्या भरल्या की सगळे सांगण्याचा मोह होतो. ठरलेल्या प्रश्नाला जे उत्तराकडे नेत नाही ते बाजूला ठेवावे. सुरुवात डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या गोष्टीने करावी. भाटघरच्या जलाशयात कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर आहे. ते वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की दिसू लागते. मंदिर उघडे पडते त्याच दिवसांत वरच्या वाडीचा झरा आटतो, असे लिहिले की वाचक सरळ प्रश्नापाशी येतो. पण मंदिराच्या स्थापत्यावर चार परिच्छेद खर्च केले, तर तो दुसराच लेख होईल.

पुढे एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा. प्रत्येक मोठ्या आकड्याशेजारी हंडा, बादली, युनिट असे घरातले माप ठेवावे. ‘भीषण’, ‘विदारक’ ही विशेषणे काढून टाकावीत. सातशे खेपा म्हटल्यावर त्यांची गरज उरत नाही.

वर्गात हे काम तीन आठवड्यांत होते. पहिल्या आठवड्यात प्रश्न, नकाशा आणि गणित. दुसऱ्यात वाडीची भेट. तिसऱ्यात लेखन. चौघांचा एक गट पुरेसा होतो. लेख तयार झाला की मासिकाकडे किंवा वृत्तपत्राकडे पाठवण्याआधी तो वाडीवर जाऊन वाचून दाखवावा. नंबर कितीवा होता, पंप कोणत्या महिन्यात बंद पडला, यातली चूक तेथे कोणीतरी नक्की दाखवून देईल. ती दुरुस्त करून त्याची एक प्रत ग्रामसभेपुढे ठेवावी. दिवसाला सहा युनिट हा आकडा सभेत एकदा मोठ्याने वाचला गेला, की त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते.