हिवताप आणि शेतकऱ्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरी वर्षाचा हिशेब मांडताना बी, खत, बैल आणि मजुरी यांचा खर्च आठवणीने धरला जातो. परंतु हिवतापाने बुडालेल्या दिवसांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. वास्तविक कित्येक घरांच्या कर्जाचे मूळ त्या दिवसांतच सापडते.

याचे कारण ऋतुमानात आहे. पावसाळ्यात पाणी साचू लागले, की हिवताप पसरविणाऱ्या ॲनाफिलीस डासांची पैदास वाढते, आणि त्याच सुमारास भाताच्या लावणीची घाई असते. लावणीला उशीर झाला, तर पिकाचा उतारा घटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पाऊस थांबत नाही. एक जण तापाने फणफणला, की दुसऱ्याला त्याच्या उशाशी बसावे लागते. मजूर लावावेत, तर ऐन हंगामात मजुरी चढलेली असते. मग येणाऱ्या पिकावर उचल घेतली जाते. ताप काही दिवसांत उतरतो. उचलीचे व्याज मात्र सुगीनंतरही फिटत नाही.

जे एका घराचे, तेच सबंध प्रदेशाचे. नैनिताल डोंगराच्या पायथ्याची तराई पाहा. जमीन सुपीक, पाणी मुबलक. तरी हिवतापाच्या धास्तीने थारू आणि बुक्सा या तेथील जुन्या रहिवाशांखेरीज वस्ती विरळच होती. स्वातंत्र्यानंतर जंगल तोडून, डी.डी.टी. फवारून तेथे फाळणीतील निर्वासित कुटुंबे वसविण्यात आली. त्याच भूमीवर १९६० साली पंतनगरचे कृषी विद्यापीठ उभे राहिले.

१९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. पण दक्षता सैल पडली, डास औषधांना दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. आता २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे.

यात आपला वाटा कोणता? ताप येताच आशा कार्यकर्तीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. सरकारी केंद्रात तपासणी व औषध विनामूल्य मिळते. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात, आणि उपचार अपुरा राहिल्यास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, कदाचित ऐन कापणीत, पुन्हा उचल खातात. हे डास मुख्यतः रात्री चावतात. म्हणून शेतावर राखणीला जातानाही मच्छरदाणी सोबत न्यावी. घराभोवतीची डबकी बुजवावीत आणि फवारणीसाठी आलेल्यांना दारातून परत पाठवू नये.

बांध फुटला तर आपण रात्री-अपरात्री धावतो. घरात हिव भरून ताप आला, तरी तितक्याच तातडीने उठले पाहिजे. कारण पीक दोहोंमुळे जाते.